कुमारांची पाटी

बालवाडीतल्या मुलाला कसे शिकवावे याविषयी आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कार्यापासून पुष्कळ मौलिक विचार झालेला आहे. दहावीचा विद्यार्थी तर सबंध घराच्या, आणि मार्च महिन्यात सबंध राज्याच्या, चिंतेचा विषय असतो. परंतु या दोहोंच्या मध्ये सहावी, सातवी आणि आठवी या इयत्ता चढणारी अकरा ते चौदा वर्षांची मुले शिक्षणविषयक लेखनात क्वचितच भेटतात. ‘बालभारती’ने 1971 साली या वयासाठी ‘किशोर’ मासिक सुरू केले तो एक सन्मान्य अपवाद. एरवी ही मुले लहान म्हणून लाड करण्याजोगी राहिलेली नसतात आणि मोठी म्हणून सल्ला घेण्याजोगी झालेली नसतात, आणि त्यामुळे ती वर्गात काय करतात यापेक्षा ती वर्गात गडबड करतात की नाही याचीच चौकशी अधिक होते. प्रस्तुत संग्रहातील लेख याच तीन इयत्तांना शिकवणाऱ्या शिक्षकांनी लिहिलेले आहेत, आणि अलीकडे वर्गात येऊन बसलेल्या यंत्रांचा, म्हणजे प्रोजेक्टर, टॅब, संगणक आणि शिक्षकाच्या स्वतःच्या खिशातला फोन यांचा, या वयाच्या मुलांच्या बाबतीत काय उपयोग होतो आणि काय होत नाही, हा त्यांचा विषय आहे.

या विषयावरचा वाद आपल्याकडे दोन ठरीव पक्षांत वाटला गेला आहे. एक पक्ष म्हणतो की पडद्यावर चित्र हलू लागले म्हणजे मुले आपोआप शिकू लागतात. दुसरा म्हणतो की पडद्याने एका पिढीची एकाग्रता बुडवली, आता खडू आणि छडी यांच्याकडेच परतले पाहिजे. दोन्ही पक्षांना एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे मुले रमतात की नाही. भेटीस आलेले अधिकारीही शेरेबुकात ‘डिजिटल वर्गात विद्यार्थी रममाण झालेले आढळले’ असा शेरा मारून पुढील शाळेकडे प्रस्थान ठेवतात. परंतु रमणे ही गोष्ट फार स्वस्त आहे. सातवीतला मुलगा खिडकीबाहेरच्या बुलडोझरकडे पाहतही तासभर रमतो. या वयातल्या मुलाला अभ्यासात ओढण्याच्या आड नेमके काय येते हे आधी पाहिल्याशिवाय कोणते यंत्र तो अडसर दूर करील याचा निर्णय करता येणार नाही, आणि माझ्या मते तो अडसर कंटाळ्यापेक्षा लाजेचा अधिक आहे. पुढील विवेचनाचा रोख तिकडेच आहे.

तत्पूर्वी थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे, कारण यंत्राने शाळेचा उद्धार होणार ही आशा आजची नव्हे. 1913 साली थॉमस एडिसनने असे भाकीत केले होते की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि सर्व ज्ञान चलच्चित्रांच्या द्वारे देता येईल. पुस्तके मात्र राहिली. पुढे रेडिओच्या बाबतीत तीच आशा बाळगली गेली, आणि रेडिओमागून दूरचित्रवाणी आली. आपल्याकडे 1975 च्या ऑगस्टपासून वर्षभर एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा भव्य प्रयोग झाला. पुण्यात 1984 साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली, आणि दूरदर्शनवरून प्रसृत होणारे तिचे कार्यक्रम मराठी मुलांच्या एका पिढीच्या स्मरणात अद्याप आहेत. 2017 साली ती संस्था बंद करण्यात आली. त्याच 1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नामक योजनेखाली देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो जातीचे संगणक पाठवले. गंमत अशी की प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा तरी असावा म्हणून आखलेली खडू-फळा मोहीम या देशात सुरू झाली ती 1987 साली, म्हणजे संगणकानंतर तीन वर्षांनी.

या सर्व साधनांची शाळेतली पुढची वाटचाल ज्याला जाणून घ्यायची असेल त्याने शाळेची जडवस्तू संग्रह नोंदवही उघडावी. तीत वस्तूचे नाव, नग, किंमत आणि खरेदीची तारीख असते. हिशेबतपासणीच्या वेळी वस्तू जागेवर आणि धडधाकट दाखवावी लागते, आणि मोडली तर जाबजबाब द्यावा लागतो. अशा स्थितीत सावध मुख्याध्यापक प्रोजेक्टर लग्नातल्या चांदीच्या ताटाप्रमाणे कुलूपबंद कपाटात ठेवतात यात त्यांचा काय दोष? 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर झाला. त्यापुढील वर्षांत गावोगाव लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची जी लाट आली तिच्यामागे गावकऱ्यांची आस्था खरोखर मोठी होती. परंतु वर्गणीतून यंत्र येते, वीजबिल येत नाही. कित्येक शाळांची बिले थकली, जोडणी तुटली आणि पडदा भिंतीवर तसाच गुंडाळलेला राहिला. यंत्राच्या किमतीची तरतूद करणारा आणि त्याच्या रोजच्या खर्चाची तजवीज न करणारा शिरस्ता जोवर चालू आहे तोवर अध्यापनशास्त्राची चर्चा थोडी व्यर्थच होय, हे मला येथे नमूद करून ठेवले पाहिजे.

आता मुलांकडे वळू. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1967 साली कुमारवयाविषयी एक मार्मिक निरीक्षण मांडले. या वयात मुलाला दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार प्रथमच नीट करता येऊ लागतो, परंतु स्वतःच्या मनाला ज्याचा ध्यास लागला आहे त्याचाच, म्हणजे आपल्या स्वतःचाच, विचार इतरही करीत असणार अशी त्याची समजूत होते. आणि मग आपण एका अखंड जाग्या प्रेक्षकवर्गासमोर वावरत आहोत या कल्पनेने तो कधी भाव खातो, तर कधी तोंड लपवतो. दुसरीच्या वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येवो न येवो, चाळीस हात वर जातात आणि काही मुले बाकावर उभीही राहतात. सातवीच्या वर्गात उणे तीन आणि उणे पाच यांत मोठी संख्या कोणती असे विचारा: नेहमीचेच दोन हात वर येतील, चार मुले वहीत डोके घालतील, मागच्या बाकावर एक दबलेले हसू उमटेल, आणि उरलेला सारा वर्ग गुरुजींची नजर चुकवण्याच्या कामी गुंतेल. या मुलांना उत्तर येत नसते असे नाही. चुकले तर वर्ग हसेल, आणि बरोबर आले तर ‘फार शहाणा’ ही पदवी मिळेल, असा हा दुहेरी पेच असतो. मुलींच्या बाबतीत तर शरीरात होणाऱ्या बदलांची भर पडून फळ्यापाशी उभे राहणे हीच एक शिक्षा वाटू लागते. आपली बहुतेक अध्यापनपद्धती मात्र जाहीर प्रश्न, जाहीर उत्तर आणि जाहीर दुरुस्ती या तिन्हींवर उभी आहे.

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत यावर एक उपाय होता, आणि तो कोणी योजून केलेला नव्हता. धूळपाटीवर बोटाने गिरवलेले अक्षर तळहाताच्या एका फटकाऱ्याने नाहीसे होई. पुढे अव्वल इंग्रजी अमदानीत दगडी पाटी रुळली, तिच्यावरचे चुकलेले गणितही ओल्या फडक्याने, आणि फडके नसल्यास थुंकीने, कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वी पुसले जाई. फळा सर्वांचा आणि पाटी आपली, अशी ती वाटणी होती. वहीपेन आल्यावर कागदावरची चूक टिकाऊ झाली आणि तिच्यावर लाल शाईही चढली. तंत्रज्ञानाने कुमारवयीन मुलांसाठी करण्याजोगे पहिले काम कोणते असेल तर हे की, चुकण्यासाठी एक खाजगी जागा त्यांना परत मिळवून द्यावी. आणि ज्या प्रयोगांना यश आले त्यांत बहुधा हेच घडलेले दिसते.

दिल्लीतील एका प्रयोगाचा दाखला या दृष्टीने मननीय आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमिअन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या या संशोधनात सरकारी शाळांतील सहावी ते नववीची मुले होती. सोडत काढून त्यांतल्या काहींना शाळेबाहेरच्या केंद्रांत विनामूल्य प्रवेश दिला गेला. तेथे नव्वद मिनिटांच्या सत्रापैकी निम्मा वेळ मूल ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमावर एकटे काम करी आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षकाबरोबर बसे. आरंभीच्या चाचणीत आढळले की सहावीतली मुले गणितात सरासरीने दोन-अडीच इयत्ता मागे आहेत. कार्यक्रम प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पायरीवरून उचलीत असे. सहावीत बसलेल्या मुलाला तिसरीची वजाबाकी दिली जाई आणि ते शेजाऱ्यास कळतही नसे. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत लक्षणीय मजल मारली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना त्याचा तुलनेने अधिक लाभ झाला. यातला एक तपशील मात्र उत्साही मंडळी सहसा सांगत नाहीत: शाळेच्या इयत्तानिहाय गणिताच्या परीक्षेत ही प्रगती स्पष्टपणे उमटली नाही. उमटणार कशी? मुलगा तिसरीतून पाचवीत पोचला होता आणि प्रश्नपत्रिका सातवीची होती.

याच्या शेजारी पेरू देशाचे उदाहरण ठेवावे. तेथे प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या जगभर गाजलेल्या योजनेखाली ग्रामीण प्राथमिक शाळांत मुबलक यंत्रे वाटली गेली, आणि जेव्हा शास्त्रशुद्ध पाहणी झाली तेव्हा गणितात वा भाषेत कसलाही फरक पडल्याचे दिसून आले नाही. यंत्र दोन्हीकडे होते. ते मुलाच्या हाती देताना त्याने त्यावर काय करावे, चुकल्यास पुढे काय व्हावे आणि मोठ्या माणसाने केव्हा जवळ यावे, याचा विचार एकीकडे झाला होता व दुसरीकडे तो मुलावरच सोपवला गेला होता.

या संग्रहातील लेखांत ज्या साधनाचा उल्लेख वारंवार येतो ते पाहून वाचकास नवल वाटेल, कारण ते पुठ्ठ्याचे आहे. ‘प्लिकर्स’ नावाच्या या पद्धतीत प्रत्येक मुलाला एक चौकोनी पत्ता मिळतो. त्यावर काळ्यापांढऱ्या ठोकळ्यांची एक वेडीवाकडी नक्षी छापलेली असते आणि चार कडांशी, जवळ धरल्याशिवाय न दिसतील इतक्या बारीक टाइपात, ए, बी, सी, डी ही अक्षरे असतात. गुरुजी प्रश्न सांगतात, मूल आपल्या उत्तराची कड वर करून पत्ता उचलते, आणि गुरुजी हातातला फोन वर्गावरून सावकाश फिरवतात. फोनचा कॅमेरा नक्षी ओळखतो. कोणी काय उत्तर दिले ते फक्त त्यांच्या फोनवर नावानिशी उमटते. प्रत्येक पत्त्याची नक्षी निराळी असल्यामुळे शेजाऱ्याची पाहून काही साधत नाही, आणि शेजाऱ्यालाही आपले उत्तर वाचता येत नाही. सबंध वर्गामागे एक फोन पुरतो. मघाचा उणे तीन आणि उणे पाचाचा प्रश्न अशा रीतीने घातला, की प्रथमच चाळीसही मुलांकडून उत्तर येते, आणि निम्म्या वर्गाला उणे पाच मोठा वाटतो हे भिंतीवरच्या बिननावाच्या स्तंभालेखात सर्वांना दिसते. आपण एकटेच मूर्ख नाही, हे सातवीतल्या मुलाला कळणे ही शैक्षणिक दृष्ट्या सामान्य घटना नव्हे.

येथून पुढची पायरी हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी 1990 च्या दशकात रूढ केली. उत्तर लगेच जाहीर करायचे नाही. मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि मग पुन्हा कौल घ्यायचा. महाविद्यालयीन तरुणांसाठी निघालेली ही युक्ती बारा वर्षांच्या मुलांना अधिकच मानवते, कारण या वयात गुरुजींच्या संमतीने वर्गात बोलावयास मिळणे हेच एक इनाम असते. मात्र दुसऱ्या कौलानंतर गुरुजींना संख्यारेषा काढून उणे पाच डावीकडे का ते समजावून सांगावेच लागते. ते काम फोन करीत नाही, आणि ज्यांना तो ते करील असे वाटते त्यांनी एकदा वर्गात उभे राहून पाहावे.

खाजगी चुकीचा दुसरा प्रांत विज्ञानाचा. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते पदार्थवैज्ञानिक कार्ल वायमन यांनी 2002 साली सुरू केलेले ‘फेट’ हे प्रयोगांचे आभासी भांडार आता मराठीतही पाहावयास मिळते. त्यातील विद्युत्‌परिपथाच्या पटावर मूल घट, तारा, दिवा आणि कळ उचलून हवे तसे जोडते. दिवा लागला तर तारांतून निळे ठिपके धावू लागतात. शिक्षक सांगतात त्याप्रमाणे बहुतेक मुले पहिल्या पाच मिनिटांत पाठातला परिपथ सोडून देतात आणि तार घटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरळ जोडतात, की पडद्यावर घटातून ज्वाळा निघतात आणि ‘सर, बघा बघा, पेटलं!’ असा गलका होतो. हा वात्रटपणा नव्हे. तारेचा रोध नगण्य असता विद्युत्‌धारा बेसुमार वाढते हे कळण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही, आणि तो खऱ्या घटाने अनुसरणे कोणीही शिक्षक पसंत करणार नाही. तथापि खरा घट, खरी तार आणि खरा दिवा यांचा हाताला झालेला स्पर्श आधी असावा, असा माझा आग्रह आहे. होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमाने 1972 पासून तीस वर्षे, आणि त्याच मुशीतून निघालेल्या अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून, हे निर्विवाद दाखवून दिले आहे की सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा आणि आगपेटीच्या काड्या मुलाला भूमिती शिकवू शकतात. ज्याने काडी मोडली नाही त्याला पडद्यावरचा त्रिकोण कळणार नाही असे नव्हे, पण तो त्याला फार लवकर पटेल, आणि फार लवकर पटलेले ज्ञान या वयात टिकत नाही.

मुलाला लपण्याची जागा हवी तशी मिरवण्याचीही हवी. एल्काइंडचा प्रेक्षकवर्ग दोन्ही बाजूंनी काम करतो. म्हणून गावातल्या विहिरींची पाहणी करून नकाशा तयार करणे, आजीची जुनी हकीकत ध्वनिमुद्रित करणे, बाजाराच्या दिवशी लहानसा चित्रपट काढणे, अशा उपक्रमांना या संग्रहात बरीच जागा मिळाली आहे. त्यांतला महत्त्वाचा नियम एवढाच की काय दाखवावे आणि केव्हा दाखवावे हे मुलांनी ठरवावे.

महाराष्ट्रातील प्रयत्नांपैकी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव सर्वपरिचित आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड डकवून त्यामागे चित्रफिती, कविता आणि स्वाध्याय ठेवण्याच्या त्यांच्या उपक्रमाची पुढे राज्यानेच दखल घेतली. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. गुरुजींचे स्पष्टीकरण हवे तितक्या वेळा, कोणाला न विचारता पुन्हा ऐकता यावे, ही त्या चौकोनी खुणेची खरी किमया होय. पण खूण वाचणारा फोन घरात असला पाहिजे. त्याच 2020 साली शाळा बंद असताना, त्याच सोलापूर शहरातील नीलमनगर या कामगारवस्तीत एका शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून काढले. ज्यांच्या घरी फोन नव्हता ती मुले गल्लीतून हिंडत व्याकरण वाचीत होती. रंगाचा डबा हेही तंत्रज्ञानच.

दोन इशारे देणे प्राप्त आहे. पहिला असा की पाटी विसरत असे आणि यंत्र विसरत नाही. वर्गमित्रांपासून लपलेली चूक कोणत्या तरी दूरच्या कंपनीच्या दप्तरी नावानिशी जमा होत असेल, तर ती खाजगी राहिली असे म्हणणे धाडसाचे आहे. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. परंतु ज्या पालकाला पहिल्या पालकसभेतच कोऱ्या कागदांवर सह्या करण्याची सवय आहे त्याची संमती कितपत ज्ञानपूर्वक असते हे शिक्षकांनी स्वतःला विचारावे. मुलांची खरी नावे न घालता हजेरीक्रमांक घालणे, हा एका लेखकाचा उपाय साधा आणि अनुकरणीय आहे.

दुसरा इशारा घरच्या फोनविषयी. ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले, त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामी तो वापरणारे 57 टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के. वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे 36 टक्के होते आणि मुली सुमारे 27 टक्के. शेतावरून वा कारखान्यातून वडील परतेपर्यंत ज्या घरात फोनच नसतो, आणि आल्यावर तो आधी भावाच्या हाती जातो, त्या घरातल्या मुलीला फोनवर गृहपाठ पाठवणे म्हणजे तिला वर्गात उभे करण्याचाच निराळा प्रकार आहे. म्हणूनच येथील बहुतेक लेखकांनी हे काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या मालकीच्या यंत्रावर आणि दोघां-तिघांच्या गटांत करवून घेतले आहे. अॅपची जंत्री त्यांनी दिलेली नाही, कारण ती छापून होईतो शिळी होते. त्याऐवजी वेळापत्रकातला तास कोठून काढला हे प्रत्येकाने प्रांजळपणे सांगितले आहे. बहुतेकांनी तो प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून घेण्याच्या तासातून काढला, आणि त्याबद्दल एकाही विद्यार्थ्याने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.